दाबक्यांच्या घरचं लोह

आपल्याकडे नव्या माणसाची ओळख करून घेताना आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग खातं. केशवराव दाबके हे सगळं मागाहून विचारायचे. आम्ही कलकत्त्याला बदलून आलो त्या दिवशी ट्रंका वर चढवून दमलेले आमचे हे जिन्यात घाम पुसत उभे होते. वरून एक उंच, ताठ, तांबूस चेहऱ्याचे गृहस्थ उतरले. "मराठी ना?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता यांच्या डोळ्याखालची पापणी अंगठ्याने ओढून आत डोकावून पाहिलं.

"फिकी आहे," ते म्हणाले. "तुमच्यात लोह नाही."

हे बँकेतले, तक्रार ऐकली की आधी माफी मागायची सवय. यांनी गोंधळून "सॉरी" म्हटलं. दाबक्यांनी ती माफी स्वीकारली आणि माझ्याकडे वळले. परस्त्रीच्या तोंडाला हात लावण्याइतके ते असभ्य नव्हते. "वहिनी, तुमची तुम्हीच ओढा," म्हणाले. मी ओढली. मीही नापास झाले. पुढे काही वर्षं आम्ही त्यांच्या खालच्या मजल्यावर काढली, आणि तेवढ्या काळात या परीक्षेत पास झालेला एकही माणूस माझ्या पाहण्यात आला नाही.

घर दक्षिण कलकत्त्यात, लेकच्या बाजूला. तळमजल्यावर मालक मित्रबाबू, मधे आम्ही, सगळ्यात वर दाबके नवराबायको. दाबके केंद्र सरकारच्या हिशेब तपासणाऱ्या खात्यात बऱ्यापैकी वर पोहोचले होते. रोज ट्रामने एस्प्लनेडला जायचे आणि दिवसभर इतर खात्यांच्या चुका काढायचे. संध्याकाळी येताना ती सवय ऑफिसातच ठेवून यावी, तर तसं नाही. "ऑब्जेक्शन!" हा त्यांचा लाडका शब्द. आमच्या ताटात पांढरा भात दिसला, ऑब्जेक्शन. ओट्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं दिसलं, ऑब्जेक्शन. मी काही सांगायला जावं तर मान हलवून म्हणायचे, "खुलासा समाधानकारक नाही, वहिनी."

हे खूळ त्यांच्या डोक्यात कधी शिरलं याच्या दोन-तीन कथा होत्या. त्यातली खरी वाटावी अशी ही, की तरुणपणी ते ऑफिसात घेरी येऊन पडले, कुणा वैद्याने लोहभस्म दिलं आणि गडी उठून उभा राहिला. एवढ्या भांडवलावर त्यांनी उरलेलं आयुष्य इतरांना उभं करण्यात घालवलं. मराठी मंडळात त्यांना पाठीमागे 'लोहभस्म' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. मला वाटतं, आवडतही होतं.

जगातल्या कुठल्याही अडचणीचं कारण त्यांच्याकडे तयार असायचं. ते दिवस कलकत्त्याचे कठीणच होते. आज दिवे जात, उद्या ट्रामी बंद, परवा सगळं शहरच बंद. "वीज खात्याच्या माणसांत लोह नाही, तर दिवे कसे लागणार?" दाबके अंधारात बसून विचारायचे. मी एकदा म्हटलं, "आणि ही भिंती रंगवणारी, बॉम्ब फेकणारी पोरं?"

"त्यांच्यात आहे. पण कच्चं आहे."

कच्चं लोह म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, तीच भीती होती.

त्यांच्या घरी पाण्याच्या माठात घोड्याचा नाल असे. रेसकोर्सच्या बाजूला कुणाला तरी गाठून त्यांनी तो मिळवला होता. घोडा कोणता, जिंकणारा की हरणारा, असं आमचे हे त्यांना गंभीरपणे विचारायचे, आणि दाबके तितक्याच गंभीरपणे सांगायचे की लोहाला त्याने फरक पडत नाही. खिशात लोहचुंबक. कालीघाटच्या बाजारात कढई घ्यायची तर दुकानातल्या एकेका कढईला ते चुंबक लावून बघत. दुकानदार आधी भांडला, मग हसायला लागला, आणि पुढे दाबके दिसले की शेजारच्या दुकानदारालाही बोलावून घ्यायला लागला.

भाजीत लोह आहे की नाही हे ओळखायची त्यांची पद्धत सोपी होती. चिरून ठेवायची. काळी पडली की आहे. वांगं पास, सफरचंद पास, कच्चं केळं पहिल्या वर्गात पास. मुळा बिचारा चिरून दिवसभर ठेवला तरी पांढराच, म्हणून तो त्यांच्या घरी कधी शिरला नाही. मित्रबाबूंचीही हीच पद्धत होती. केळफुलाला बंगाली लोक मोचा म्हणतात. मोच्याने त्यांच्या आईची बोटं कशी काळी व्हायची, हे मित्रबाबू डोळे मिटून सांगायचे. तळमजल्याच्या ओट्यावर बसून हे दोन प्रौढ गृहस्थ, बोटं जास्त काळी कशाने होतात यावर रविवारची अख्खी सकाळ घालवायचे. चिरताना बोटं कुणाची काळी व्हायची, हा मुद्दा काही त्या चर्चेत यायचा नाही.

आमच्या यांना त्यांनी कुठल्याशा लोहाच्या गोळ्या आणून दिल्या. जेवण झालं की चहाबरोबर घ्यायच्या, म्हणजे पोटाला ऊब मिळते, असं वर शास्त्र. दोन दिवसांनी सकाळी हे संडासातून जे बाहेर आले ते पांढरेफटक पडून. यांना ते मला सांगवेना. शेवटी वर जाऊन दाबक्यांच्या कानात सांगितलं. दाबक्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी मित्रबाबूंना खाली हाक मारून तो सांगितला. "काळी? उत्तम! म्हणजे लोह बोलायला लागलं!" ते लोह यांच्या अंगी न लागता जसंच्या तसं बाहेर पडत होतं, हे आम्हाला पुष्कळ नंतर एका डॉक्टरीणबाईंकडून कळलं. त्यांच्याकडे येतेच.

त्याआधी कुमुदवहिनींबद्दल सांगायला हवं. कारण दाबक्यांच्या सगळ्या शास्त्राचा पुरावा म्हणजे त्या.

कुमुदवहिनी चिपळूणकडच्या. घाऱ्या डोळ्यांच्या, नाकीडोळी नीटस, आणि गोऱ्या. आपल्या लोकांत गोरेपणाचं काय कौतुक असतं ते मी सांगायला नको. त्यात कलकत्त्याची मराठी मंडळी म्हणजे मूठभर घरं, निम्मी बदलीवर आलेली, निम्मी इथेच जन्मलेली, आणि हळदीकुंकवाला जमल्यावर बोलायला विषय कमी. मग कुमुदवहिनींचा रंग हाच विषय. त्या दर वर्षी जास्त गोऱ्या होत चालल्या होत्या. "काय बाई कांती! केतकीचं पानच," गोडबोलेकाकू म्हणायच्या. या मंडळाच्या ज्येष्ठ, त्यांनी म्हटलं की बाकीच्या माना हलवायच्या. "इथली हवा मानवली हो तुम्हाला." दाबके कुठूनतरी ऐकत असायचेच. दारातूनच म्हणायचे, "हवा नाही, लोह!"

तळवे पांढरे, नखं पांढरी, ओठांचा रंगसुद्धा गेलेला. आम्ही साऱ्या शिकल्यासवरल्या बायका त्याला कांती म्हणत होतो. मी सीकेपी, आमच्यात सगळे गव्हाळ नाहीतर सावळे. मला तर हेवाच वाटायचा.

वर जाताना वहिनी नेहमी आमच्या दाराशी थांबायच्या. एक हात कठड्यावर, एक छातीवर. "काय करतेस, मालती?" विचारायच्या आणि मी सांगेपर्यंत उभ्या राहायच्या. मला वाटे किती मायाळू बाई, आल्यागेल्याची विचारपूस केल्याशिवाय पुढे जात नाही. पुढे लक्षात आलं, की माझं उत्तर त्या ऐकतच नसत. त्यांना श्वास हवा असायचा.

त्यांची दोन मुलं पुण्याला सासूबाईंकडे. इथे ठेवली तर बंगाली नि हिंदी बोलतील, मराठी विसरतील, म्हणून दाबक्यांनी शाळेत जायच्या वयाची होताच तिकडे पाठवून दिली होती. मे महिन्यात महिनाभर भेट. धाकटी निघताना पदर सोडत नसे, असं वहिनी एकदाच म्हणाल्या आणि लगेच गवार मोडायला लागल्या. पुण्याला बदली व्हावी म्हणून त्यांचे उपास चालत. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या. उपासाच्या दिवशी साबुदाणा आणि चहा. बाकीच्या दिवशी काय, ते मी एकदा दुपारी पाहिलं.

मी विरजण मागायला वर गेले होते. रविवार होता. दाबके जेवून आडवे झालेले. त्यांचं जेवण म्हणजे समारंभ. लोखंडी कढईतली माठाची भाजी, हरभऱ्याची उसळ, खजूर, वर लिंबू. मन लावून जेवत आणि "कढईत लागलेलंही वाढ गं, तिथेच तर खरं लोह असतं," असं म्हणून कढईही खरवडून घेत. वहिनी मागून बसल्या होत्या. ताटात भात, ताक, लोणच्याची फोड. शेजारी चहाचा कप.

"भाजी?" मी विचारलं.

"त्यांना आवडते ना," वहिनी म्हणाल्या. "आणि मला काही जात नाही हल्ली. चहा बरा वाटतो."

आतल्या खोलीत घोरणं चालू होतं. मला त्या दोघांचाही राग आला. घोरणाऱ्याचा जास्त.

एका डिसेंबरात मंडळाची सहल बराकपूरला गेली. गंगेच्या काठी बाग, जेवण तिथेच करायचं ठरलं आणि दाबक्यांनी स्वयंपाक स्वतःकडे घेतला. शियालदा स्टेशनवर ते तीन लोखंडी कढया हमालाच्या डोक्यावर देऊन आले तेव्हाच आमच्या यांनी बिस्किटाचे पुडे विकत घेतले. दाबक्यांनी आमटी कढईत केली. आमटीत चिंच घातली. लोह जास्त उतरावं म्हणून आणखी चिंच घातली. मग सगळ्यांना नदी बघून या म्हणून सांगितलं आणि आमटी उकळत ठेवली. परत येऊन बघतो तर कढईत डांबर. वांग्याची भाजी काळी, बटाटेसुद्धा करडे. तोंडात घातलं की कुलूप चाटल्याची चव.

 गोडबोलेकाकूंनी आमटी भाताखाली लपवली. मित्रबाबूंना आम्ही पाहुणे म्हणून नेलं होतं. ते मात्र सभ्य माणूस, त्यांनी वाटी संपवली आणि म्हणाले, "दाबके मोशाय, एटा कि आपनादेर महाराष्ट्रेर स्पेशल काला दाल?" दाबके म्हणाले, "जी हां, बिल्कुल." म्हणजे महाराष्ट्राची अब्रू त्या दिवशी बराकपूरला गेली ती एका शब्दात. मित्रबाबूंनी पुढे आपल्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्या साऱ्यांना सांगितलं की मराठे एवढे लढवय्ये का झाले ते आपल्याला आता समजलं.

त्याच दुपारी चहावाला आला. मातीच्या भांडातला, म्हणजे कुल्हडासारख्या छोट्या पेल्यातला चहा. प्यायचा आणि भांड फेकून द्यायचं. सगळ्यांनी फेकली. वहिनी झाडाआड एकट्या बसल्या होत्या म्हणून मी तिकडे गेले, तर त्यांच्या तोंडातून कुडूम कुडूम आवाज येत होता. मला बघून त्या दचकल्या. पदरात भांडाचे तुकडे होते.

"कुणाला सांगू नकोस, मालती. वासच असा येतो, राहवत नाही."

"कधीपासून?"

"झाली दोन-तीन वर्षं. आधी कच्चे तांदूळ खायची. मग हे." आणि मग अगदी हळू म्हणाल्या, "मला वेडबीड लागत नाहीये ना गं? वेडी म्हटलं तर मुलांना माझ्याकडे पाठवायचे नाहीत."

 मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारू. त्या म्हणाल्या, "घरात एवढं सगळं जाणणारा माणूस असताना डॉक्टर कशाला, असं म्हणतील."

डॉक्टर शेवटी दाबक्यांनीच आणला. मंडळातल्या बायकांचं रक्त तपासून घ्यायचं त्यांच्या मनात आलं. आपलं म्हणणं सरकारी शिक्क्यानिशी सिद्ध व्हावं, असा हेतू. डॉ. सेनगुप्ता म्हणून एक पन्नाशीच्या बाई, जाड चष्मा, पांढरी सुती साडी, एका मोठ्या इस्पितळात वर्षानुवर्षं बायकांचे आजार बघणाऱ्या. त्या नळ्या, बाटल्या घेऊन रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलवर आल्या. दाबक्यांनी छोटंसं भाषण केलं. लोह, राष्ट्र आणि स्त्रीशक्ती असे तीन मुद्दे होते. मग म्हणाले, "सुरुवात आमच्याच घरापासून. डॉक्टर, ये मेरा नमुना है. पहले इनका देखिए, फिर बाकी लोगों का फर्क समझ में आएगा."

वहिनी खुर्चीत बसल्या. हळदीकुंकवाला नेसायची ती हिरवी साडी नेसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांचं बोट हातात घेतलं, नखं बघितली, पण टोचलं नाही. चष्म्यावरून आधी त्यांच्याकडे, मग दाबक्यांकडे पाहिलं. मग टोचलं.

ती तपासणी अशी असते, की रक्ताचा थेंब नळीतल्या औषधात घालतात, तो तपकिरी होतो, आणि बाजूच्या ठरीव रंगाशी जुळेपर्यंत त्यात पाणी घालत राहतात. जितकं पाणी जास्त मावेल तितकं रक्त चांगलं. वहिनींच्या नळीत पाणी घालायची वेळच आली नाही म्हणायला हरकत नाही. रंग आधीच बाजूच्या रंगापेक्षा फिका.

"ये चलके आयी हैं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "सीढी चढके?"

"क्यों?" दाबके म्हणाले.

"मुझे समझ में नहीं आ रहा, ये खडी कैसे हैं."

 दाबके ऑफिसातला आवाज काढून म्हणाले, "ऑब्जेक्शन. आपका यंत्र खराब है. घर में सब लोहे में पकता है. पानी तक लोहे का है. मेरा देखिए, फिर मशीन का पता चलेगा."

त्यांनी बाही सरसावली. बोटाला टोचायला बाही कशाला, पण सरसावली. डॉक्टरीणबाईंनी थेंब घेतला, पाणी घातलं, आणखी घातलं, घालतच राहिल्या. मग नळी उजेडात धरून त्या बंगालीतच बोलल्या, अगदी शांतपणे:

"यंत्र ठीकई आछे. आपनार बाडीर शोब आयरन देख्छि आपनि एकाई खेये फेलेछेन."

तुमच्या घरचं सगळं लोह तुम्ही एकट्यानेच खाऊन टाकलेलं दिसतंय. हॉलमध्ये एकही माणूस असा नव्हता ज्याला एवढं बंगाली कळत नव्हतं.

मग बाईंनी वहिनींना आतल्या खोलीत नेलं, आणि भाषेसाठी मला. जे प्रश्न विचारले ते वहिनींना आयुष्यात कुणी विचारले नव्हते. दर महिन्याला किती दिवस, किती जातं. वहिनींनी खाली मान घालून मला सांगितलं, मी बाईंना सांगितलं. धाकटी झाल्यापासून आठ-आठ दिवस, कधी दहा. "आणि माती खाते का?" बाईंनी विचारलं, इतक्या सहज, जणू पान खाते का. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी कुणाला बोलले नव्हते. "खातात," बाई म्हणाल्या. "रक्त एवढं कमी झालं की पुष्कळ जणी खातात. वेड नाही ते. औषध घेतलं की सुटेल." तेव्हा वहिनी रडायला लागल्या. आजारी आहोत या बातमीने एवढी सुटका झालेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

एवढे हिशेब तपासणारा माणूस, पण बायकोच्या बाबतीत त्याने जमेची बाजूच धरली होती. खर्चाचं पान उलटलंच नाही. आणि जमेतही, माठात नाल टाकला की झालं. जगाच्या पापण्या ओढणाऱ्या या गृहस्थांनी घरची पापणी का पाहिली नाही, असं मला पुष्कळांनी नंतर विचारलं. चारचौघांत बायकोच्या तोंडाला हात लावणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. आणि चारचौघं नसले की ते पेपर वाचत.

डॉक्टरीणबाईंनी बाटली-दोन बाटल्या रक्त चढवलं, गोळ्या दिल्या, आणि तीन हुकूम सोडले. उपास बंद. जेवणावर नि गोळीवर चहा बंद, त्याने लोह अंगी लागत नाही. आणि रोज मेटे, म्हणजे बकऱ्याचं काळीज, त्याचा पातळ रस्सा. आमच्या यांच्या गोळ्यांचंही रहस्य त्याच दिवशी उलगडलं.

तिसऱ्या हुकमावर दाबक्यांनी हरकत घेतली. मांसातलं लोह तामसी असतं, म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आपका सात्त्विक लोहा कहां गया?" आणि उत्तराची वाट न बघता पेशंटच्या तोंडात थर्मामीटर ठेवला.

मग रोज दुपारी वहिनी आमच्याकडे यायला लागल्या. माझ्या स्वयंपाकघरात, खिडकीकडे तोंड करून, नाक दाबून वाटी रिकामी करायच्या. पहिले काही दिवस ओकारी येई. मी आलं-लसूण वाढवून, मिरी घालून आमच्या पद्धतीने केलं, तर एक दिवस म्हणाल्या, "जरा मीठ कमी आहे." मी मनात म्हटलं, वाचल्या.

दाबक्यांना हे माहीत होतं. सगळा जिना घमघमायचा. पण फायलीवर न आलेली गोष्ट घडलेली नसते, हे त्यांचं खात्यातलं शिक्षण. त्यांनी विचारलं नाही, वहिनींनी सांगितलं नाही. मंडळात मात्र सांगत सुटले की लोह देऊनही एखाद्या प्रकृतीला लागू पडत नाही, त्यात लोहाचा दोष नाही. लोहावर मात्र त्यांनी शिंतोडा उडू दिला नाही.

एकदाच काय ते निराळे दिसले. ऑफिसातून लवकर येऊन माझ्या दारात उभे. हातात पिशवी, त्यात पेरू. घसा खाकरला, कठड्यावरची धूळ बोटाने पुसली.

"वहिनी," म्हणाले, "ती... जेवली का?"

"जेवल्या."

"काय जेवली?"

मी सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "नको. नका सांगू." आणि पेरू माझ्या हातात देऊन वर निघून गेले. त्या दिवशी मला त्यांची दया आली. फार नाही.

वहिनी सुधारल्या. आधी दाराशी थांबणं बंद झालं. मग जिना चढता चढता गाणं गुणगुणताना ऐकू यायला लागलं. मातीकडे बघवत नाही म्हणाल्या. नखांना, ओठांना रंग आला, गाल भरले, आणि चेहऱ्यावर मूळचा गहूरंग परतला. चिपळूणच्या त्या मुलीचा तोच रंग असणार; आम्ही तो कधी पाहिलाच नव्हता. कुणाकुणाला वाटलं आजारपणाचे डाग आहेत. हळदीकुंकवाला आता त्यांच्याकडे बघून बायका कुजबुजायच्या. आणि गंमत बघा, इतकी वर्षं उपास करून जी झाली नाही ती बदली उपास सोडल्यावर झाली. पुण्याला.

हावड्याला आम्ही सगळे पोचवायला गेलो. मित्रबाबू संदेशचा पुडा घेऊन आले होते. दाबक्यांनी हमालाला सामान कसं लावायचं ते समजावलं, हमालाने आपल्याच पद्धतीने लावलं. वहिनी पाण्याचा तांब्या, वळकटी, फराळाची पिशवी उचलून दोनदा आत जाऊन आल्या. मुलं स्टेशनवर घ्यायला येणार, एवढं एकच त्या सकाळपासून बोलत होत्या.

गोडबोलेकाकूंनी त्यांना जवळ घेतलं, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला. "कुमुद, काय गं ही तुझी दशा! किती काळवंडलीस! केवढी कांती होती बाई."

वहिनींच्या आधी दाबकेच बोलले. खरंच वाईट वाटलं होतं त्यांना, आवाज पडला होता. "काय सांगू काकू. त्या औषधांनी रंग गेला हिचा. पण आता पुण्याचं पाणी मिळेल, घरचं जेवण मिळेल. पुन्हा येईल बघा पूर्वीसारखी कांती."

वहिनींनी डब्याच्या पायरीवर एक पाय ठेवला होता. त्या वळल्या.

"नको यायला," म्हणाल्या.

मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. काकूंचा हात हवेतच राहिला. दाबक्यांनी आमच्या यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग चष्मा काढून पुसायला लागले. शिट्टी झाली तरी पुसतच होते. गाडी हलली तशी वहिनींनी दारातून वाकून हात पुढे केला. दाबक्यांनी तो धरला, आणि त्यांनी एका हिसक्यात नवऱ्याला वर ओढून घेतलं.